हिशेबनीसाने बांधलेले पूल

आष्टी (जि. बीड) : नगर-बीड-परळी या सुमारे २६१ किलोमीटर लांबीच्या लोहमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्या मार्गावरील आष्टी ते नगर हा ६६ किलोमीटरचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला तो २३ सप्टेंबर २०२२ रोजी, आणि बीड शहरात गाडी पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. मधल्या काळात आष्टी तालुक्यातील एक अख्खी पिढी लहानाची मोठी झाली. आगगाडीशी तिची पहिली ओळख गावच्या फलाटावर न होता जत्रेतल्या चावीच्या खेळण्यातून झाली असल्यास नवल नाही. खऱ्या गाडीच्या आधी खेळण्यातली गाडी घरात येते, हा अनुभव केवळ मागास म्हणवल्या जाणाऱ्या भागापुरता नाही. लंडन, पॅरिस आणि मुंबईतील कित्येक मुलांनाही रुळांचा सांधा, सिग्नल, पूल यांची जाण प्रथम दिवाणखान्याच्या जमिनीवरच आली. त्या जमिनीवरच्या रेल्वेला आणि तिच्यावरील पुलांना ज्याने आकार दिला, तो मनुष्य ना रेल्वेचा अभियंता होता, ना कारखानदाराच्या घरात जन्मलेला. मांस आयात करणाऱ्या एका पेढीत तो हिशेब लिहीत असे. त्याचे नाव फ्रँक हॉर्नबी.

फ्रँक यांचा जन्म १५ मे १८६३ रोजी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. वडील जॉन ऑस्वाल्ड हॉर्नबी यांचा धान्य-किराणा मालाचा व्यापार होता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि मुलगा वडिलांच्या गल्ल्यावर बसला. तांत्रिक शिक्षण नाही, कारखान्यातील उमेदवारी नाही. १८८७ मध्ये त्यांचा विवाह शिक्षिका असलेल्या एलिझाबेथ गॉडफ्रॉय यांच्याशी झाला. १८९९ मध्ये वडील वारले आणि दुकान बंद झाले. छत्तिशीतील फ्रँक यांना तेव्हा डेव्हिड ह्यू एलियट या मांस आयातदाराकडे हिशेबनीसाची नोकरी धरावी लागली. पगार बेताचा, संसार वाढलेला. आयुष्याची दिशा बहुतेकांच्या बाबतीत या वयापर्यंत ठरून गेलेली असते.

मात्र हॉर्नबी ज्या शहरात राहत होते, त्या शहराकडे येथे थोडे लक्ष द्यावयास हवे. लिव्हरपूल हे त्या काळी ब्रिटिश साम्राज्याच्या मोठ्या बंदरांपैकी एक होते. मर्सी नदीच्या काठाने मैलोगणती गोद्या पसरलेल्या, त्यांवर वाफेच्या आणि पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या, आणि गोदीच्या तोंडांवर जहाजाला वाट देण्यासाठी बाजूला सरणारे पूल. १८९३ मध्ये, हॉर्नबी २९ वर्षांचे असताना, गोद्यांच्या कडेने खांबांवरून धावणारी विजेची रेल्वे तेथे सुरू झाली. स्टॅन्ले गोदीपाशी या रेल्वेलाही हलता पूल ठेवणे भाग पडले, कारण खालून जहाजे ये-जा करीत. रेल्वेला सपाट, अखंड वाट हवी आणि जहाजाच्या डोलकाठीला मोकळे आकाश हवे. या दोन गरजांचा झगडा रोज डोळ्यांसमोर चालू असलेल्या शहरात हॉर्नबी यांचे बालपण आणि तारुण्य गेले. त्यांच्या संचातील पहिल्या प्रतिकृतींमध्ये याऱ्या आणि पुलांना मोठे स्थान मिळाले, याचे कारण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

भोक हाच शोध

रोलंड आणि डग्लस या आपल्या दोन मुलांसाठी हॉर्नबी घरच्या छोट्या कार्यशाळेत पत्र्याची खेळणी बनवीत. पूल, ट्रक, यारी असे त्यांचे विषय असत. अडचण अशी होती, की प्रत्येक खेळण्यासाठी प्रत्येक भाग नव्याने कापावा लागे. यारी मोडून तिचा पूल करता येत नसे. मुलांचा उत्साह दोन दिवसांत ओसरे आणि वडिलांची दोन आठवड्यांची मेहनत कोपऱ्यात पडे. त्यातून हॉर्नबी यांना सुचलेली कल्पना आज ऐकताना अगदी साधी वाटते. सर्व भाग सारख्या रुंदीच्या पट्ट्यांचे करावयाचे, त्यांवर सारख्या अंतरावर भोके पाडावयाची आणि नट-बोल्टने ते हवे तसे जोडावयाचे. पट्टी अर्धा इंच रुंद आणि भोकांमधील अंतरही अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. सुरुवातीच्या पट्ट्या त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापल्या.

खरे मर्म मात्र जोडण्यात नव्हते. ज्या भोकातून बोल्ट जातो, त्याच भोकातून आसाचा दांडाही जातो. म्हणजे पट्टी एकाच वेळी सांगाडाही होते आणि चाकाला आधार देणारी बेअरिंगही. भोकांमधील अंतर ठरलेले असल्यामुळे दोन दांड्यांमधील अंतरही आपोआप ठरते, आणि ते ठरले की त्यावर बसणारे दातेरी चाक कोणत्या मापाचे हवे तेही ठरते. मोजपट्टी न घेता लहान मुलाला बिनचूक गिअर जुळवता येतो, तो यामुळे. हॉर्नबी यांची सगळी पुढची संपत्ती या एका भोकातून बाहेर आली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. एखाद्या प्रशिक्षित अभियंत्याला हे सुचले नसते असे नव्हे. पण त्याला ते सुचवून घेण्याची गरज पडली नसती. ज्याच्याकडे लेथ नाही, ज्याला रविवारच्या फावल्या वेळात काम उरकायचे आहे, त्यालाच एका भागाकडून दोन कामे करून घेण्याची निकड असते.

जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्याचा खर्च भागविण्यासाठी मालक एलियट यांच्याकडून ५ पौंड उसने घ्यावे लागले. त्याच वर्षअखेरीस पेटंट मिळाले; परंतु ते बनविण्यास कारखानदार पुढे येईनात. हाताने केलेला नमुना ओबडधोबड दिसत होता आणि कारकुनाने केलेल्या खेळण्यावर पैसे लावण्यास कोणी राजी नव्हते. अखेरीस एलियट यांनीच आपल्या कचेरीशेजारची रिकामी जागा देऊ केली आणि नोकर-मालक भागीदार झाले. एलियट यांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही. कोणत्याही मोठ्या उद्योगाच्या मागे असा एक मनुष्य बहुधा असतो. त्याने वेळेवर पाच पौंड दिलेले असतात आणि नंतर तो बाजूला झालेला असतो.

१९०२ मध्ये ‘मेकॅनिक्स मेड ईझी’ या नावाने संच बाजारात आला. संचात अवघे १६ प्रकारचे भाग आणि १२ प्रतिकृती कशा जोडाव्यात हे सांगणारी पत्रिका होती. १९०३ मध्ये १,५०० संच विकले गेले, पण फायदा शून्य. लिव्हरपूल विद्यापीठातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक हेन्री सेल्बी हेले-शॉ यांनी या पद्धतीची शिफारस केली. तांत्रिक शिक्षण न घेतलेल्या माणसाच्या खेळण्याला विद्यापीठाच्या शिक्क्याचा आधार लागला, ही गोष्ट त्या समाजाविषयी बरेच काही सांगून जाते. पहिला किरकोळ नफा झाला तो १९०६ मध्ये. पाच वर्षे हॉर्नबी दिवसा दुसऱ्याचे हिशेब लिहीत होते आणि उरलेल्या वेळात स्वतःचा तोटा. १९०७ मध्ये भाग पुरविणाऱ्यांना मागणी पेलेनाशी झाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, ड्यूक स्ट्रीटवर तीन वर्षांच्या कराराने एक जागा घेतली आणि कर्ज काढून स्वतः उत्पादन सुरू केले. वय ४४. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘मेकॅनो’ हे नाव नोंदविण्यात आले.

३० मे १९०८ रोजी मेकॅनो लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. एलियट यांनी नव्या कंपनीत न येण्याचे ठरविले आणि हॉर्नबी एकटेच धनी झाले. १९१० मध्ये उलाढाल १२,००० पौंडांवर गेली. १९१२ मध्ये मुलगा रोलंड याच्यासह पॅरिस येथे कंपनी काढण्यात आली, बर्लिनला कचेरी उघडली, आणि जर्मनीतील मार्कलिन या नामांकित खेळणी उत्पादकांनी परवान्याखाली मेकॅनो बनविण्यास आरंभ केला. याच मार्कलिनकडून हॉर्नबी चावीच्या मोटारी मागवू लागले. १९१४ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवर मोठा कारखाना उभा राहिला आणि पुढील साठहून अधिक वर्षे तो कंपनीचा पत्ता राहिला.

मोटार आली आणि पूल उठला

चावीची मोटार संचात आली, तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवरही तीच अर्ध्या इंचावरची भोके होती. त्यामुळे मोटार प्रतिकृतीला टांगलेली न राहता तिच्या सांगाड्याचाच एक भाग बनली. पुढे विजेच्या मोटारींनाही हाच न्याय लावला गेला. हाताने मूठ फिरवून उचलावयाचा पूल आता आपोआप उठू शकत होता. छोट्या रेल्वेच्या शौकिनांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. आजही घरातील रेल्वेवर मोटारीने उठणारा पूल हा त्या छंदातील कसोटीचा भाग मानला जातो, आणि तो का अवघड आहे हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

अशा पुलाची गरज अनेकदा सौंदर्यासाठी नसून दारासाठी असते. खोलीच्या चारही भिंतींच्या कडेने रूळ टाकले, की ते कोठेतरी दार ओलांडतातच. शहरातील लहान घरांत तर हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. दारासमोरचा तुकडा प्रत्येक वेळी काढून ठेवला तर रुळांचे सांधे झिजतात. वाकून खालून जाण्याची सवय पन्नाशीनंतर परवडत नाही. तेव्हा तो तुकडा उचलता केला जातो. खऱ्या जगात असे पूल मुख्यतः तीन प्रकारचे असतात. किल्ल्याच्या खंदकावरील पुलाप्रमाणे एका टोकाशी वर उचलला जाणारा, लिफ्टप्रमाणे आडवाच सरळ वर जाणारा, आणि मधल्या खांबावर फिरून बाजूला होणारा. छोट्या रेल्वेवर हे तिन्ही प्रकार करता येतात. मात्र प्रत्येकाची खोड वेगळी.

एका टोकाशी उचलल्या जाणाऱ्या पुलात नवख्याची हमखास चूक होते ती बिजागरी रुळांच्या खाली बसविण्याची. पूल उठू लागला की हलत्या रुळाचे टोक मागच्या स्थिर रुळावर आदळते आणि पूल अडतो. बिजागरीचा आस रुळाच्या माथ्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर हवा, म्हणजे सांधा उघडताना टोके एकमेकांपासून दूर जातात. सरळ वर जाणाऱ्या पुलात ही अडचण नाही. पण त्याची चारही टोके एकाच वेगाने चढली पाहिजेत, अन्यथा पूल तिरका होऊन खांबांत अडकतो. त्यासाठी चारही दोऱ्या एकाच दांड्यावर गुंडाळल्या जातात.

मग प्रश्न येतो वजनाचा. मोटार जितकी लहान, तितके तिच्यावर कमी ओझे पडावे यासाठी पुलाच्या वजनाइतकेच वजन कप्पीवरून दुसऱ्या बाजूस टांगतात. किराणा दुकानातल्या तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली, की पाच किलोचे पारडेही बोटाने हलविता येते, त्यातलाच हा प्रकार. मोटारीला केवळ घर्षणावर मात करावी लागते. किराण्याच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलाला हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागले नसावे.

वजन तोलले तरी मोटारीचा वेग राहतोच. मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते आणि पूल मात्र संथ उठावयास हवा. वर्म गिअरची योजना येथे केली जाते. मळसूत्राप्रमाणे आटे असलेला हा दांडा एक पूर्ण फेरा घेतो तेव्हा त्याला लागलेले चाक केवळ एक दाता पुढे सरकते. पन्नास दात्यांचे चाक असेल तर वेग पन्नासपट कमी होतो. त्याहून मोठा लाभ असा, की दांडा चाकाला फिरवू शकतो, पण चाक सहसा दांड्याला फिरवू शकत नाही. वीज गेली तरी पूल जेथे आहे तेथेच राहतो, धाडकन खाली येत नाही. वर्म आणि त्याचे चाक हे दोन्ही भाग मेकॅनोच्या संचात होतेच.

वरच्या आणि खालच्या टोकाला मोटार थांबविण्यासाठी दोन छोटे स्विच लावतात. पूल तेथे पोहोचला की तो स्वतःच स्विच दाबून आपली वीज तोडतो. पूल खाली बसताना रूळ तंतोतंत समोरासमोर यावेत म्हणून टोकांना निमुळत्या खुंट्या आणि त्यांच्यासाठी खोबणी ठेवावी लागते, कारण १६.५ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावर अर्ध्या मिलिमीटरचा फरकही गाडी उतरविण्यास पुरेसा होतो. आणि शेवटची खबरदारी म्हणजे पूल उठलेला असताना त्याच्या दोन्ही बाजूंच्या काही अंतरातील रुळांचा वीजपुरवठा आपोआप बंद झाला पाहिजे. ही जोडणी विसरलेल्या शौकिनाचे इंजिन एक ना एक दिवस जमिनीवर सापडते. खऱ्या रेल्वेत सिग्नल आणि पूल यांची जी परस्परांत गुंफलेली कुलपे असतात, त्यांचेच हे घरगुती रूप.

भारतीय वाचकांना उचलत्या रेल्वेपुलाचे ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे तमिळनाडूतील पांबन. तो पूल फेब्रुवारी १९१४ मध्ये, म्हणजे बिन्स रोडचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, वाहतुकीस खुला झाला. त्याचा मधला उघडणारा भाग अमेरिकन अभियंते विल्यम शेर्झर यांच्या पद्धतीचा होता. शेर्झर स्वतः १८९३ मध्येच वारले होते आणि त्यांच्या भावाने त्यांचे काम पुढे नेले. हा पूल अखेरपर्यंत कामगार हाताने लोखंडी दांडे फिरवून उघडीत. डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरील गाड्या थांबल्या आणि शेजारी बांधलेला, सरळ वर उठणारा ७२.५ मीटर लांबीचा भाग असलेला नवा पूल ६ एप्रिल २०२५ रोजी सुरू झाला. तो विजेच्या मोटारींनी उठतो. मुलांच्या खेळण्यातला पूल मोटारीने उठू लागल्यानंतर जवळजवळ एक शतकाने पांबनचे कामगार दांड्यांवरून मोकळे झाले.

खेळण्यातली रेल्वे

पहिल्या महायुद्धाने युरोपातील खेळण्यांचा बाजार उलथापालथा केला. त्यापूर्वी चावीच्या आगगाड्या म्हणजे जर्मनी, असेच समीकरण होते. युद्धानंतर ब्रिटिश पालक जर्मन खेळणे घरात आणण्यास तयार नव्हते. ही पोकळी हॉर्नबी यांनी ओळखली आणि १९२० मध्ये हॉर्नबी नावाची आगगाडी बाजारात आणली. ती ३२ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर चावीने धावे. विशेष म्हणजे पहिली इंजिने आणि डबे नट-बोल्टने जोडलेले असत. गाडी मोडून पुन्हा जोडता यावी, हा मेकॅनोचा हट्ट त्यांनी येथेही सोडला नव्हता. कालांतराने तो सोडावा लागला. गाडी खऱ्यासारखी दिसावी, अशी ग्राहकाची मागणी असते आणि खऱ्या इंजिनावर ठसठशीत नट दिसत नाहीत.

१९२५ मध्ये विजेवर चालणारी गाडी आली. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेच्या इंजिनाची ती प्रतिकृती होती आणि तिचा पहिला प्रकार घरातील विजेच्या जोडणीवर चालत असे. मुले ज्या रुळांना हात लावतात, त्यांच्याशी एवढ्या दाबाच्या विजेचा संबंध ठेवणे धोक्याचेच होते. लवकरच कमी दाबाच्या विजेचा प्रकार काढण्यात आला. हॉर्नबी यांच्या कारकिर्दीतील हा भाग त्यांच्या चाहत्यांकडून बहुधा घाईने ओलांडला जातो. पण आजच्या छोट्या रेल्वे आणि त्यांवरील पुलांच्या मोटारी १२ व्होल्टच्या आसपास चालतात, त्यामागे अशाच धड्यांचा वाटा आहे.

१९१६ मध्ये सुरू झालेले ‘मेकॅनो मॅगझिन’ हे प्रारंभी जाहिरातीचे साधन होते. थोड्याच वर्षांत ते खऱ्या पुलांची, बोगद्यांची, जहाजांची आणि इंजिनांची माहिती देणारे मुलांचे मासिक बनले आणि साम्राज्यभर पोहोचले. १९२६ मध्ये निकेलच्या चकाकीऐवजी लाल-हिरव्या रंगाचे भाग आले. १९३३-३४ च्या सुमारास धातूच्या छोट्या मोटारगाड्या निघाल्या, त्या पुढे ‘डिंकी टॉईज’ म्हणून गाजल्या. कोणत्याही उद्योजकाला एक ब्रँड रुजविता आला तरी पुष्कळ. हॉर्नबी यांनी तीन रुजविले.

स्पर्धा होतीच. अमेरिकेत ए. सी. गिल्बर्ट यांनी १९१३ मध्ये ‘इरेक्टर’ हा संच आणला. दुसऱ्या एका अमेरिकन कंपनीने मेकॅनोच्या भागांची आणि पुस्तिकांची नक्कल केली. तो वाद न्यायालयात गेला आणि निकाल मेकॅनोच्या बाजूने लागला. १९१५ मध्ये न्यूयॉर्क येथे हॉर्नबी यांचे एक चरित्र प्रसिद्ध झाले. त्याच्या शीर्षकात त्यांचा उल्लेख खेळण्यावर दहा लाख डॉलर मिळविणारा मुलगा असा आहे. पेटंटचा अर्ज केला तेव्हा हा मुलगा ३७ वर्षांचा, नोकरीत अडकलेला बाप होता. त्याचे वय असे कमी करण्यात प्रकाशकाला विक्री दिसली असावी; पण त्यामुळे त्याची खरी जोखीम झाकली गेली. तरुणाचे पाच पौंड बुडाले तर तो पुन्हा कमावतो. पगारावर घर चालविणाऱ्याचे बुडाले, तर घरचे बुडतात.

आणखी एक गोष्ट नोंदविणे उचित ठरेल. मेकॅनोच्या डब्यांवर, जाहिरातींत आणि मासिकात मुलगेच दिसतात. अभियांत्रिकी हे मुलींचे क्षेत्र नाही हा समज हॉर्नबी यांनी निर्माण केला नाही, पण लाखो डब्यांवर तो छापला जरूर.

विद्यापीठात मेकॅनो

१९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील गणितज्ञ डग्लस हार्ट्री आणि त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोच्या भागांपासून विकलक समीकरणे सोडविणारे यंत्र उभारले. अमेरिकेतील व्हॅनिव्हर बुश यांनी बांधलेले मूळ यंत्र प्रचंड खर्चाचे होते. हार्ट्री यांनी त्याची प्रतिकृती सुमारे २० पौंडांच्या सामानातून केली आणि तिने गंभीर संशोधनाला उपयोगी पडतील इतकी अचूक उत्तरे दिली. भोकांमधील अंतर अचूक असण्याचा हॉर्नबी यांचा आग्रह येथे कामी आला. रसायनशास्त्राचे १९९६ चे नोबेल मिळविणारे हॅरी क्रोटो यांनीही आपल्या घडणीत मेकॅनोचा वाटा मानला होता.

भारतात आयात केलेले मेकॅनो सधन घरांपुरतेच राहिले. पुढे ‘मेकॅनिक्स’सारखे देशी संच आले आणि भोके पाडलेल्या पट्ट्या मध्यमवर्गीय मराठी घरांत दिवाळी-वाढदिवसाच्या भेटींत शिरल्या. छोट्या रेल्वेचा छंद मात्र महाग आणि जागा मागणारा असल्याने मोजक्यांचाच राहिला. त्या मोजक्यांतील एक, पुण्याचे भाऊसाहेब जोशी यांनी कोथरूड येथे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उभारले. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. पूल, सिग्नल आणि स्थानके असलेली चालती रेल्वे तेथे पाहावयास मिळते. हॉर्नबी यांचा वारसा महाराष्ट्रात कोठे पाहावा, असे कोणी विचारल्यास हे एक उत्तर आहे.

अखेरची वर्षे

१९३१ च्या सार्वत्रिक निवडणुकीत हॉर्नबी हुजूर पक्षातर्फे लिव्हरपूलच्या एव्हर्टन मतदारसंघातून संसदेवर निवडून आले. संसदेतील त्यांची कामगिरी खेळण्यांच्या तुलनेत अगदीच किरकोळ राहिली. १९३५ मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. तोवर ते लक्षाधीश झाले होते आणि लिव्हरपूलजवळच्या मघल येथील प्रशस्त घरात राहत होते. मधुमेह आणि हृदयविकार यांनी प्रकृती पोखरली होती. २१ सप्टेंबर १९३६ रोजी वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मघलच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात त्यांचे दफन करण्यात आले.

कंपनीची धुरा रोलंड यांच्याकडे गेली. एके काळी ज्याच्यासाठी तांब्याच्या पट्ट्या कापल्या गेल्या, तोच हा मुलगा. १९३८ मध्ये १६.५ मिलिमीटर रुळांची ‘हॉर्नबी डब्लो’ ही छोटी रेल्वे आली. मोठ्या हॉर्नबी गाडीला खोली लागे, हिला टेबल पुरे. घरगुती रेल्वेचा छंद सामान्यांच्या आवाक्यात आला तो या मापामुळे, आणि दारावरचा उचलता पूल हलक्या, स्वस्त मोटारीने उठविणेही याच मापामुळे शक्य झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षे मागणी पुरवता येत नव्हती. पुढे प्लॅस्टिकची खेळणी आणि दूरचित्रवाणी यांनी ती आटविली. १९६४ मध्ये कंपनी लाइन्स ब्रदर्स या प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात गेली. ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बिन्स रोडच्या कारखान्याचे दरवाजे बंद झाले. त्या दिवशी कामावर असलेल्यांपैकी अनेकांच्या घरातील मागची पिढीही तेथेच पट्ट्यांना भोके पाडीत होती. मेकॅनो हे नाव पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. हॉर्नबी गाड्या वेगळ्या कंपनीच्या नावाखाली निघतात. शंभर वर्षांपूर्वीची पट्टी आणि नव्या संचातील पट्टी शेजारी ठेवली तर भोकांमधील अंतर मात्र आजही अर्धा इंचच भरते, आणि जुन्या संचातील बोल्ट नव्या पट्टीत बसतो.